नानांचं बीपी आणि पाचची शिकवणी

नानांचं बीपी वाढलं आहे, ही बातमी नाना घरी पोचायच्या आधी त्यांच्या मुलाला कळली, आणि हा अपमान नानांना बीपीपेक्षा जास्त लागला.

नाना म्हणजे महिपतराव मोहिते. वय बहात्तर, सरकारी शाळेतून गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त, मुक्काम ग्वाल्हेरच्या नया बाजारामागची गल्ली. रोज संध्याकाळी पाच ते सहा त्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर गल्लीतली अकरा मुलं गणित शिकायला बसतात. नाना कुणावर ओरडत नाहीत. उत्तर चुकलं की म्हणतात, "हरकत नाही, पायऱ्या दाखव," आणि मूल पायऱ्या दाखवेपर्यंत शांतपणे थांबतात. कधीकधी सहाचे साडेसहा होतात ते यामुळेच.

जानेवारीत एक दिवस टक्केवारी चालू होती. नानांनी फळ्यावर उदाहरण घातलं: समजा, शंभर माणसांपैकी पंचवीस जणांना बीपी आहे आणि त्यांतल्या निम्म्यांना ते ठाऊकच नाही, तर न ठाऊक असलेले किती टक्के? उत्तर साडेबारा. पण नऊ वर्षांच्या राघवनं उत्तराऐवजी प्रश्नच विचारला.

"नाना, आपको पता है क्या, आपका?"

आता दुसरा कुणी असता तर "गप बस, गणित कर" म्हणाला असता. नाना विचारात पडले. बहात्तर वर्षांत त्यांनी बीपी मोजलंच नव्हतं. आपणच आपल्या उदाहरणातल्या साडेबारांत बसत असू तर फळ्यापुढे उभं राहायचं कुठल्या तोंडानं? दुसऱ्या दिवशी सकाळी, "खडू आणतो" असं बायकोला सांगून ते कंपू भागातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तपासणी शिबिराला गेले.

खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी नाव विचारलं. नानांनी पूर्ण नाव सांगितलं. बाईंनी संगणकात नाव 'महिपत' आणि आडनाव 'राव' घातलं, 'मोहिते' कुठे घालायचं ते न कळून सोडून दिलं, आणि म्हणाल्या, "अंकल, ओटीपी बताइए."

ओटीपी शंतनूच्या मोबाइलवर गेला होता, कारण नानांचं आधार कार्ड मुलाच्या नंबराला जोडलेलं. शंतनू बँकेत नोकरीला. नानांनी त्याला फोन लावला.

"शंतनू, तुला आत्ता एक नंबर आला असेल. तेवढा सांग. कशाचा ते विचारू नकोस."

पलीकडून शंतनू एकदम हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुमच्याजवळ कोण आहे? घाबरू नका. फक्त हो किंवा नाही म्हणा."

"अरे, कुणी नाही. एक बाई आहेत."

"बाबा, फोन ठेवा! ओटीपी कुणालाही द्यायचा नसतो. मी रोज लोकांना हेच सांगतो आणि माझ्याच घरात..."

शेवटी बाईंनी फोन हातात घेतला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भैया, आपके फादर का बीपी नापना है, खाता नहीं खोलना।" रांगेतल्या दोघातिघांनी नानांकडे सहानुभूतीनं पाहिलं. खडूचं निमित्त तिथेच संपलं.

बीपी निघालं एकशे अठ्ठावन्न आणि शहाण्णव. डॉक्टर सीमंतिनी तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "काका, एका वेळच्या आकड्यावरून मी काही ठरवत नाही. पंधरा दिवस घरी सकाळ-संध्याकाळ मोजा आणि लिहून आणा. मीठ कमी करा, रोज अर्धा तास चाला. मग गोळीचं बघू." नानांना हे पटलं. एका चाचणीवरून विद्यार्थ्याला नापास करू नये हे त्यांचंही मत होतं. घरी मात्र काही बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पण ते नया बाजाराच्या वळणावर पोचायच्या आत शंतनूच्या मोबाइलवर संदेश आला: 'श्री राव, आपका बीपी 158/96 है। कृपया ध्यान रखें।'

संध्याकाळी शंतनू बीपीचं मशीन घेऊनच घरी आला आणि बूट न काढता म्हणाला, "शिकवणी बंद."

"का?" नानांनी विचारलं.

"का म्हणजे? ताण. अकरा मुलं, बाबा! माझ्या काउंटरवर चार माणसं एकदम आली तरी माझं डोकं फिरतं."

"तुझ्या काउंटरवर मोठी माणसं येतात, म्हणून."

"मस्करी नको. आई, तू सांग यांना."

सुनंदाबाई पोळ्या करत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "खडू आणायला गेलेला माणूस बीपी घेऊन आला. मी काय सांगू?"

बरीच बोलाचाली होऊन करार ठरला. पंधरा दिवसांत आकडा एकशे चाळीस-नव्वदच्या खाली आला, तर शिकवणी चालू. नाही आला, तर कायमची बंद, आणि मुलांना दुसऱ्या मास्तरांकडे पाठवायचं. नानांनी मान डोलावली. रात्री जेवताना मात्र त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. शिकवणीतल्या ध्रुवला अजून अपूर्णांकांची भीती वाटत होती, आणि तो दुसऱ्या मास्तरांसमोर तोंड उघडणार नाही, हे नानांना पक्कं माहीत होतं.

नानांनी आयुष्यात प्रत्येक गोष्टीचा धडा केला, तसा याचाही केला. संध्याकाळचं माप पाच वाजता, मुलांसमोर. अकरा वर्षांची स्मृती वर्गातली सगळ्यांत नेटकी, म्हणून आलेख काढायचं काम तिच्याकडे. तिनं चौकटींचा कागद आणला, आडव्या रेघेवर दिवस आणि उभ्या रेघेवर बीपी घेतलं. मशीनचा पट्टा बांधायचं काम राघवचं. ग्वाल्हेरच्या जानेवारीत बाही वर करायची कल्पनाच कुणाला सुचत नाही. नानांच्या अंगावर थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर आणि वर शाल. शाल काढली. पट्टा दोन्ही स्वेटरांवरून कसाबसा गुंडाळला आणि त्याचं टोक सुटू नये म्हणून राघव ते धरून उभा राहिला. मशीन घुरघुरायला लागलं की नाना समजावून सांगत, "आता बघा, हवा भरतेय. वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा दाब. ध्रुव, आकुंचन म्हणजे? हरकत नाही, विचार कर." मुलं खाली वाकून आकडे वाचत आणि आकडा जितका मोठा तितकी खूश होत. "एक सौ साठ पार!" असा ओरडा एकदा इतका झाला की समोरच्या घरातून कुणीतरी क्रिकेटचा स्कोअर विचारला.

पहिले तीन दिवस आकडा साठच्या आसपास राहिला. साठ म्हणजे अर्थात एकशे साठ. गल्लीत आता शंभर कुणी म्हणतच नव्हतं. कारण बातमी गल्लीभर झाली होती, आणि नया बाजारामागच्या गल्लीत आजारी माणसाला सल्ला न देणं हे उद्धटपणाचं समजतात.

पहिले आले जयसिंहराव. पोलीस खात्यातून निवृत्त, पाठ अजून ताठ. "महिपतराव, चालणं म्हणजे सपाटीवर फिरणं नव्हे. किल्ल्याची चढण! सकाळी सहाला!" सकाळी सहाला किल्ला धुक्यात दिसतसुद्धा नव्हता. चढणीच्या पहिल्या वळणावर नानांचा गुडघा बोलला, दुसऱ्या वळणावर ओरडला. जयसिंहराव म्हणाले, "बस, आज एवढं पुष्कळ. कष्ट झालेत, आता अंगात काहीतरी गेलं पाहिजे," आणि त्यांनी खाली एका दुकानात नानांना गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि रस्सा खायला घातला. परत येताना दोघे शेअरच्या टेम्पोत बसून आले. म्हणजे व्यायाम झाला दहा मिनिटं आणि नाश्ता पाऊण तास. जयसिंहरावांनी जाताना तिळाच्या गजकाचा एक डबाही दिला. "यात मीठ नसतं," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

चौथ्या दिवशी शेजारच्या उषाताई आल्या. खरा घोटाळा झाला तो इथे, आणि तोही अतिशय सद्भावनेनं.

"सुनंदा, डॉक्टरांनी मीठ सोडायला सांगितलंय ना? मग सोडून टाक. सैंधव घाल."

"सैंधव चालेल?"

"चालेल म्हणजे? उपासाला चालतं की! मीठ उपासाला चालत नाही, सैंधव चालतं. म्हणजे ते मीठ नव्हेच."

सुनंदाबाईंना या युक्तिवादात कुठेही फट दिसेना. नानांनाही दिसली नाही, आणि हे सांगायला संकोच वाटतो, कारण त्यांनी चाळीस वर्षं मुलांना 'सिद्ध करा' शिकवलं होतं. घरातल्या मिठाचा डबा माळ्यावर गेला. बाजारातून गुलाबीसर सैंधवाची दोन किलोंची पिशवी आली. चवीला ते सुनंदाबाईंना जरा फिकं वाटलं, म्हणून त्या दीडपट घालू लागल्या. शिवाय ते मीठ नव्हेच म्हटल्यावर हात कशाला आखडायचा? ताकात सैंधव, फोडलेल्या पेरूवर सैंधव, सैंधवाचं लिंबाचं लोणचं. उषाताईंनी तर 'बिनमिठाची' म्हणून डबाभर शेव तळून पाठवली, तीही चांगली खारट. नानांना बरेच दिवसांनी जेवण रुचकर लागलं. पथ्य इतकं सुखाचं असतं हे आपल्याला आधी कुणी का सांगितलं नाही, असंही त्यांना वाटलं.

आलेख मात्र वर चालला होता. पासष्ट. सत्तर. एकाहत्तर.

"नाना, लाइन तो ऊपर जा रही है," स्मृती म्हणाली.

"वर जाणाऱ्या रेषेला काय म्हणतात?"

"चढ."

"शाब्बास," नाना म्हणाले. पण त्यांचा आवाज जरा बारीक झाला.

आठव्या दिवशी आकडा आला एकशे शहात्तर आणि एकशे दोन. मुलांनी नेहमीप्रमाणे आरडाओरडा केला, आणि नेमका त्याच वेळी शंतनू दारात उभा होता. त्यानं मुलांकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि पट्ट्याचं टोक धरून उभ्या असलेल्या राघवकडे पाहिलं.

"बस. उद्यापासून शिकवणी बंद."

"पंधरा दिवस ठरले होते," नाना म्हणाले.

"बाबा, पंधराव्या दिवसापर्यंत तुम्ही राहायला तर पाहिजे ना!" शंतनूचा आवाज फाटला. तो रागावला नव्हता, घाबरला होता, हे नानांना कळलं. म्हणून त्यांनी दंडावरचा पट्टा सोडला. मुलांनी आपापल्या वह्या गोळा केल्या. ध्रुवनं जाताना विचारलं, "नाना, पाव आणि अर्धा मिळवायचं राहिलं ना?" नाना म्हणाले, "हरकत नाही." पण या वेळी त्यांनी पायऱ्या मागितल्या नाहीत.

आता घरात शांतता झाली. शंतनूच्या हिशेबानं बीपी उतरायला हवं होतं. ते एकशे ऐंशीकडे निघालं. ज्या माणसानं आयुष्यभर वर्गात आवाज चढवला नाही, तो दहाव्या दिवशी प्रेशर कुकरवर ओरडला. "एकदाच शिट्टी द्यायची तर नीट दे!" सुनंदाबाई भाजी चिरता चिरता थांबल्या. नाना दुपारी पडत, पण डोळा लागत नसे. वर्तमानपत्रातलं कोडं अर्धं सोडवून ठेवून देत. जेवण पानात तसंच राहू लागलं, तेव्हा सुनंदाबाईंनी चव वाढावी म्हणून आणखी चिमूटभर सैंधव घातलं.

जयसिंहरावांनी निदान बदललं. "हे मनाचं आहे. हास्य मंडळात चला." दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत वीसेक निवृत्त माणसं मफलर गुंडाळून गोल उभी राहिली आणि हात वर करून खदाखदा हसली. नानांनी शेजारच्याला विचारलं, "कशावर?" त्याला ते माहीत नव्हतं. त्यानं पुढच्याला विचारलं. असं विचारत विचारत प्रश्न गोल फिरून जयसिंहरावांपाशी आला आणि तेवढ्यात मंडळाचं हसणं बंद पडलं. नानांना पुन्हा बोलावणं आलं नाही.

नवव्या दिवसापासून पाच वाजता मात्र खिडकीच्या गजांपाशी स्मृती येऊन उभी राहायची.

"नाना, आज का नंबर?"

"शिकवणी बंद आहे, बाळ."

"शिकवणीला नाही आले मी. ग्राफ अधूरा आहे ना! आठ दिवस भरले, सात बाकी."

मग नाना आकडा सांगत, ती गजांवर कागद टेकवून टिंब काढत असे आणि पट्टीनं रेघ ओढून निघून जात असे. दिवसातली ही दोन मिनिटं नाना सरळ बसत.

सोळाव्या दिवशी नाना, सुनंदाबाई आणि रजा टाकून आलेला शंतनू असे तिघे आलेखाची गुंडाळी घेऊन दवाखान्यात गेले. तिथे "राव! राव!" असा पुकारा तीन वेळा झाला. नाना 'मोहिते'ची वाट बघत शांत बसले होते. नंबर गेला. पुन्हा टोकन घेण्यात आणि पुन्हा बसण्यात दुपारचे साडेतीन वाजले.

डॉक्टर सीमंतिनींनी आलेख टेबलावर पसरला आणि चष्मा वर केला. "हा कुणी काढला?"

"माझ्या विद्यार्थिनीनं. वय अकरा," नाना म्हणाले.

"माझ्या पेशंटांपैकी अर्धे लोक पावतीच्या मागे आकडे लिहून आणतात. बरं, हे बघा, इथे चौथ्या दिवसापासून चढ आहे. चौथ्या दिवशी काय झालं?"

"काही नाही," सुनंदाबाई अभिमानानं म्हणाल्या. "त्या दिवसापासून तर मीठ पूर्ण बंद केलं."

"पूर्ण?"

"कणभरसुद्धा नाही. सगळं सैंधवात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती सैंधव?"

"दोन किलोंची पिशवी आणली होती. आता तळाला आलीय."

"सोळा... बारा दिवसांत?"

"शेजारी शेवपण त्यातलंच घालून केली ना."

"काकू, सैंधव हे मीठच आहे. बीपी वाढवणारा जो पदार्थ त्या मिठात आहे, तोच यात आहे, जवळजवळ तेवढाच."

"पण उपासाला चालतं!"

"उपासाला चालतं. बीपीला नाही चालत."

सुनंदाबाईंनी नानांकडे पाहिलं. नानांनी छताकडे पाहिलं. मग डॉक्टर म्हणाल्या, "घरी कसं मोजता ते दाखवा." नानांनी स्वेटरवरून पट्टा गुंडाळला, टोक शंतनूच्या हातात दिलं, एका पायावर दुसरा पाय टाकला आणि वरचा आकडा म्हणजे काय ते डॉक्टरांनाच सांगायला सुरुवात केली.

"काका," त्या हसू दाबत म्हणाल्या, "पद्धत सगळी चुकली. स्वेटर काढा. बाही मोकळी. दोन्ही पाय जमिनीवर, पाठ टेकून, हात टेबलावर. आणि पाच मिनिटं काही बोलायचं नाही."

पाच मिनिटं न बोलणं नानांना चढणीपेक्षा अवघड गेलं. आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस आणि ब्याण्णव.

"म्हणजे काही बीपी स्वेटरांचं होतं, काही बोलण्याचं, बरंचसं सैंधवाचं, आणि थोडं खरोखर तुमचं. त्या थोड्यासाठी रोज सकाळी एक गोळी."

"गोळी सुरू झाली म्हणजे मी हरलो," नाना पुटपुटले.

"चष्मा लावता ना? तो लावल्यावर हरला होतात का?"

चांगला प्रश्न भेटल्यावर नानांना होतो तसा थोडा आनंद झाला. पण डॉक्टरांचं बोट आलेखावर पुढे सरकलं. "आणि हा दुसरा चढ? नवव्या दिवशी काय झालं?"

शंतनूनं घसा साफ केला. "मी बाबांची शिकवणी बंद केली. ताण कमी व्हावा म्हणून."

"काका, झोप लागते?"

"लागते." मग जरा थांबून, "नाही लागत."

"भूक? मन रमतं कशात?"

"मनाला काय झालंय? मन अगदी ठीक आहे."

"कुकरवर ओरडले," सुनंदाबाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. नाना बराच वेळ बाही खाली करत राहिले. बाहीचं बटण त्यांना सापडत नव्हतं. मग ते म्हणाले, "पाच वाजता दारात चपला काढल्याचा आवाज येतो. अकरा जोड. तो येत नाही. पुढच्या खोलीत मी खुर्ची दाराकडे करून बसतो. कशासाठी बसतो ते मलाच कळत नाही."

शंतनू खाली मान घालून स्वेटराची घडी करत होता. एकदा केलेली घडी त्यानं उलगडून परत केली.

"याला लाजायचं कारण नाही," डॉक्टर अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "गुडघा दुखला की सांगतो तसं हेही सांगायचं. दोन आठवड्यांत झोप-भूक जागेवर आली नाही, तर परत या, त्यावरही इलाज असतो. पण आधी जे काढून घेतलंय ते परत देऊन बघू." त्या शंतनूकडे वळल्या. "अकरा मुलांचा ताण यांना नव्हता. तो तुम्हाला होता."

"मला भीती वाटली," शंतनू म्हणाला.

"वाटणारच. तुम्हीही जाताना बाहेर बीपी मोजून घ्या."

त्या संगणकावर लिहू लागल्या. नव्या संगणकात सल्ल्यासाठी रकानाच नव्हता. होता तो फक्त औषधाचा. त्यांनी दोनदा शोधलं, मग सुस्कारा टाकून औषधाच्या रकान्यातच दोन ओळी घातल्या आणि कागद छापून दिला.

औषधाच्या खिडकीत बसलेल्या गृहस्थांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "पहली वाली है. सुबह एक, नाश्ते के बाद." त्यांनी गोळ्यांची पट्टी पुढे सरकवली. मग त्यांनी भुवया चढवून दुसरी ओळ वाचली. "'क्लास. रोज़ शाम पाँच से छह. बंद न करें.'" त्यांनी मागच्या कपाटाकडे पाहिलं, एक खण उघडून बंद केला आणि मान हलवली. "ये हमारे यहाँ नहीं आती, साहब. बाहर से लेनी पड़ेगी."

नानांनी मुलाकडे पाहिलं.

शंतनूनं कागद हातातून घेतला, चार घड्या करून वरच्या खिशात ठेवला. "रहने दीजिए," तो म्हणाला, "घर पर है," आणि घड्याळाकडे बघून टेम्पो थांबवायला रस्त्यावर धावला. सव्वाचार झाले होते.